दोन जागांची गाडी

इच्छापोरला, हजीरा रोडच्या आतल्या बाजूला, लोखंडी टाक्या बनवायची एक शेड आहे. शेडच्या मागं, वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून लांब, मालकानं एक खोली बांधून घेतली आहे आणि त्या खोलीत ती गाडी उभी असते. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, म्हणून मी आबांना घेऊन तिथं गेले. मालकानं वरची चादर काढली. मी बॉनेटची कडी सोडली, डावीकडचा पत्रा फुलपाखराच्या पंखासारखा वर उचलला आणि वास आला. पेट्रोलचा, जुन्या कातड्याचा, तापून निवलेल्या ऑइलचा, आणि सगळ्याच्या तळाशी लाकडाचा. गाडीला लाकडाचा वास येतो असं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण या गाडीला येतो.

आबा, म्हणजे माझे वडील, मागं खुर्चीवर बसले होते. त्यांनीही नाक जरा वर केलं. मला नानपुऱ्यातलं ते गॅरेज दिसायला लागलं होतं. त्यांनाही दिसत असणार.

आबा शिरपूरकडच्या एका गावातून माझ्या जन्माच्या आधी सुरतेला आले. लिंबायतच्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात ते माग दुरुस्त करायचे. आम्ही गोडादऱ्यात राहायचो, अजूनही तिथंच राहतो. त्या कारखान्याच्या मालकाची तिन्ही मुलं पेरीनबाई नावाच्या पारशी डॉक्टरीणबाईंच्या हातून जन्मली होती. बाई आता दवाखाना सोडून नानपुऱ्यातल्या आपल्या जुन्या बंगल्यात एकट्या राहत होत्या. त्यांच्या गाडीचा मेकॅनिक वारला होता. नवे मेकॅनिक यायचे, बॉनेट उघडायचे, हसायचे आणि निघून जायचे. मग बाईंनी मालकाकडे निरोप धाडला, ज्याच्या हातात अक्कल आहे असा एक माणूस पाठव.

एका रविवारी आबा सायकलला मागाचे पाने बांधून गेले.

"मोटर खोली छे कदी?" बाईंनी विचारलं. मोटार कधी उघडली आहे का?

"नही बाई. लूम खोलले आहेत."

"तो आने पण लूम ज समज," बाई म्हणाल्या, मग हिलाही मागच समज, आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

ती गाडी डाळिंबी रंगाची होती. इंग्लंडात बनलेली, दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेचची. दोनच जागा, वर छप्पर नाही, कापडाचं एक छत तेवढं मागं घडी करून ठेवलेलं. सायकलसारखी तारांची उंच चाकं. दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागऱ्या, त्यामुळं पुढून उघडायची. समोरची काच दोन पेच सैल केले की बॉनेटवर आडवी पडायची आणि मग तोंडावर सरळ वारा. बाई सांगायच्या, लढाईतून तो देश नुकता बाहेर आला होता, नवी गाडी आखायला कुणाजवळ वेळ नव्हता, म्हणून लढाईच्या आधीचंच जुनं चित्र काढून त्यांनी ती बनवली. म्हणजे ती जन्मली तेव्हाच जुनी होती. मला तेव्हा वाटायचं, म्हणूनच ती म्हातारी होत नसावी.

आबांना पहिल्याच दिवशी एक गंमत सापडली. त्यांचे मागाचे पाने गाडीच्या बोल्टांना बरोबर बसले. आमच्याकडचे जुने मागही मूळचे इंग्लंडचेच, त्यामुळं माप एकच. आबा खूश झाले. मग एक तुटका बोल्ट बदलायला त्यांनी मागाचा जुना बोल्ट लावून पाहिला तर तो आत जाईना. डोकं तेच, आटे वेगळे. त्यांनी गेज लावून लावून शोधून काढलं की या इंजिनात बोल्टाचं डोकं इंचाच्या मापाचं आहे आणि आटे मिलिमीटरचे. तो बोल्ट त्यांनी उधन्याच्या एका लेथवाल्याकडून कातून आणला. संध्याकाळी घरी येऊन मायला सांगत होते, "डोकं एक देशनं, पाय दुसरा देशना. तरी चालस."

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते. बारावी झाली होती आणि घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करायचे. रविवारी आबांचा डबा घेऊन नानपुऱ्यात जाणं माझ्याकडे आलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, ठेचा आणि कांदा. बाई हटकून त्यातली अर्धी भाकर मागून घ्यायच्या आणि आम्हाला पुदिना आणि लीलीचा चहा करून द्यायच्या. लीली चहा म्हणजे गवती चहा. गॅरेजच्या दारात एक बदामाचं झाड होतं. हिवाळ्यात त्याची लाल पानं गाडीच्या सीटवर पडायची आणि बाई ती उचलू द्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात कातडं इतकं तापायचं की त्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवावं लागे.

किल्ली फिरवली की आधी इंजिनाचा आवाज यायचा नाही. मागं कुठंतरी पेट्रोलचा छोटा पंप टिक टिक टिक करायचा, घाईघाईनं, मग हळू, मग थांबायचा. "आता तिचं पोट भरलं," बाई म्हणायच्या. मग त्या बटण ओढायच्या. घड्याळासारखे दोन मोठे काटे होते. इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा काटा चालवणाऱ्यासमोर आणि वेग दाखवणारा शेजारी बसणाऱ्यासमोर. मी विचारलं, असं का? बाई म्हणाल्या, "जेने बीक लागे एने ज जोवा दो." ज्याला भीती वाटते त्यालाच बघू द्या.

पुढं कधीतरी त्यांनीच मला ती चालवायला शिकवली. आधी बंगल्याच्या आवारात, मग रविवारी सकाळी अठवालाइन्सच्या मोकळ्या रस्त्यावर. सीट इतकी खाली की दारावरून हात सोडला तर बोटं रस्त्याला लागतील असं वाटायचं. ती काही फार जोरात जात नव्हती. आजची कुठलीही रिक्षा सोडून बाकी सगळं तिच्या पुढं जाईल. पण तीस मैलाला आपण उडतोय असं वाटायचं. रस्त्यातला प्रत्येक खडा पाठीला कळायचा, गिअर पडताना हाताला कळायचा. तिच्यात लपवलेलं असं काही नव्हतं. आबांना तीच गोष्ट आवडत असावी. मागासारखीच ती. जे चालतंय ते दिसतंय.

आबा मात्र तिच्यात कधी बसले नाहीत. बाई म्हणायच्या, चला सुपडूभाई, एक चक्कर. आबा हात पुसत म्हणायचे, "आपला हात लावायचा, बसायचं नाही."

त्या इंजिनाला दोन कार्बोरेटर आहेत. चार सिलिंडर, त्यांना हवा आणि पेट्रोल पाजणारे दोघं. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एका जुवाला दोन बैल असतात तसं आहे ते, एकानं ओढलं आणि दुसरा रेंगाळला की सगळी गाडी थरथरते. ते जुळवायचं साधन म्हणजे हातभर रबराची नळी. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानाशी. दोन्हीकडची फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत पेच फिरवत राहायचं.

आबा नळी कानाला लावायचे, मान हलवायचे, पेच फिरवायचे. तरी गाडी थरथरायची. आरसा इतका हलायचा की त्यात झाडाचा नुसता हिरवा डाग दिसायचा. एका रविवारी बाई त्यांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. इंजिन बंद होतं.

"सुपडूभाई, चा ठंडी थाय छे."

आबा वळले नाहीत. बाई परत म्हणाल्या, जरा मोठ्यानं. आबा वाकून पेच पुसत राहिले. मी डबा सोडत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं.

घरात आम्हाला माहीत होतं असंही म्हणता येणार नाही आणि माहीत नव्हतं असंही नाही. गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळेच मोठ्यानं बोलायचे. मागावर काम करणाऱ्या माणसांचे कान असेच जातात, हळूहळू, आणि सगळ्यांचेच जातात म्हणून कुणी त्याला काही नाव देत नाही. आबांशी बोलायचं असलं की आम्ही आधी त्यांच्या समोर जायचो, मग बोलायचो. ही सवय इतकी जुनी होती की ती सवय आहे हेच मी विसरले होते. कारखान्यात त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. ते मागाच्या चौकटीवर तळवा ठेवायचे आणि कुठं काय ढिलं आहे ते सांगायचे. पण हवेवर तळवा कसा ठेवणार?

बाई आबांना काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नळी उचलून माझ्या हातात दिली. "तुं सांभळ." तू ऐक.

इंजिन सुरू झालं. पुढच्या कार्बोरेटरचा आवाज गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा होता. मागच्याचा तसा नव्हता. तो दात आवळून ओढल्यासारखा, बारीक. मी आबांसमोर गेले. मागांच्या आवाजात कामगार बोटांनी बोलतात, ती भाषा मला लहानपणापासून येत होती. मागच्याकडे बोट दाखवून मी दोन बोटं जवळ आणली, कमी आहे. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या कानशिलाची शीर ताठली होती. मला वाटलं पाना टाकून निघून जातील. मग त्यांनी मागचा पेच पाव फिरवला आणि मान वर करून माझ्या बोटांकडे पाहिलं.

अजून. अजून थोडं. जास्त झालं, परत. पुढचा. आता मागचा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी नळी इकडे लावली काय आणि तिकडे लावली काय, एकच श्वास. मी दोन्ही बोटं जोडून दाखवली. आरशातला हिरवा डाग थांबला आणि त्याची पानं झाली. आबांनी तळवा मडगार्डवर ठेवला आणि डोळे मिटले.

परत येताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसले होते. घरी गेल्यावर आबा मायला एवढंच म्हणाले, "आज गाडी बराबर लागनी." त्यानंतर मात्र दर रविवारी त्यांनी मला डबा घेऊन ये असं न म्हणता, चल असं म्हणायला सुरुवात केली. माय कुरकुरायची. "हिना हात दखा," ती शेजारणीला म्हणायची, "कोन करी हिले?"

मग रेल आली. सुरतेत तापीच्या पुराला रेल म्हणतात. पाणी किती दिवस होतं, कुठून सोडलं, कुणाचं चुकलं, यावर लोक अजून भांडतात. मला आठवतो तो नंतरचा वास. ओल्या गादीचा, मेलेल्या माशांचा, आणि घराघरातून बाहेर काढलेल्या भिजल्या साड्यांच्या गठ्ठ्यांचा. रस्ते उघडल्यावर आबा आणि मी चालत नानपुऱ्यात गेलो. गॅरेजच्या भिंतीवर चिखलाची रेघ दाराच्या चौकटीच्याही वर होती. गाडीत गाळ भरला होता. डाळिंबी रंग कुठंच दिसत नव्हता. बाई जिन्यावर उभ्या होत्या. पुराच्या त्या दिवसांत त्या वरच्या मजल्यावर एकट्या होत्या आणि एकदम वाकल्यासारख्या झाल्या होत्या.

"भंगारवाळाने कही दीधुं छे," त्या म्हणाल्या. "काले लई जशे."

आबांची त्यांच्याकडे पाठ होती. मी समोर जाऊन त्यांना सांगितलं, उद्या भंगारवाला गाडी घेऊन जाणार. ते चिखलात गुडघ्यावर बसले, पुढून हँडल घालून इंजिन फिरवायला बघितलं. जाम. त्यांनी गाळात हात घालून दाराचा खांब चाचपला. लाकूड. तेव्हाच मला कळलं की ही गाडी आतून लाकडाची आहे. खाली पोलादाचा पाया, त्यावर लाकडाची चौकट आणि चौकटीवर पत्रा, घर बांधावं तशी. ते लाकूड फुगून फाटलं होतं.

"भंगार नही," आबा म्हणाले. "बाई, मला वेळ द्या."

बाई समोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "होळी सुधी."

आबांना वेळच वेळ होता. रेलेनंतर कारखाना परत सुरू झाला, पण एक दिवस चालत्या मागाशी ते वाकलेले असताना कुणीतरी मागून ओरडलं, आणि त्यांना ऐकू आलं नाही. इजा कुणालाच झाली नाही. पण सगळ्यांनी पाहिलं. मालक चांगल्या शब्दांत बोलले. सुपडूभाई, खूप केलंत, आता आराम करा. आबा घरी आले, पाने धुऊन पुसून पोत्यात गुंडाळले आणि उंबऱ्यावर बसले. तसं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोतं उचलून मी नानपुऱ्याच्या रस्त्याला लागले. थोड्या वेळानं मागून सायकल आली.

नवरात्रापासून होळीपर्यंत आम्ही रोज गेलो. गाळ आम्ही चमच्यानं काढला. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवलं, रोज हँडलला थोडा जोर द्यायचा. नवव्या की दहाव्या दिवशी ते इंजिन नखभर हललं आणि आबा तिथंच खाली बसले. पंप, डायनामो, तारा, सगळं बंगल्याच्या गच्चीवर वाळत घातलं. उतराणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं शहर पतंग उडवत होतं आणि आमच्या गच्चीवर गाडीची आतडी पसरली होती. वर कुणाचा तरी कापलेला पतंग येऊन डायनामोवर पडला.

लाकडाचं काय करायचं ते गावाकडून आलेल्या माझ्या मामांनी सोडवलं. मूळचं लाकूड विलायतेतलं, हलकं आणि वाकेल पण मोडणार नाही असं. मामांनी एक फाटका तुकडा हातात घेतला, वाकवून पाहिला. म्हणाले, हे तर धामणाच्या झाडाच्या लाकडासारखं आहे. आमच्याकडे कुदळीचे दांडे आणि बैलगाडीच्या दांड्या धामणाच्या करतात. सातपुड्याच्या पायथ्याला गाडे बनवणारा एक म्हातारा सुतार त्यांच्या ओळखीचा होता. आबा एसटीनं गेले, फाटके तुकडे गोधडीत बांधून. आले तेव्हा बरोबर नवे तुकडे होते, पिवळसर, ताकासारख्या आंबूस वासाचे. दाराचे खांब त्यांच्यावर उभे राहिले आणि दारं पहिल्यासारखी कट्‌ आवाज करून लागली. तो आवाज मी आबांना सांगितला. हातानं.

होळीला, धुळवडीच्या दुपारी, पंपानं टिक टिक केलं आणि तो थांबला. बाईंनी स्वतः बटण ओढलं. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं, निळा धूर झाला, आणि मी नळी घेऊन बसले. या वेळी आबा सुरुवातीपासूनच माझ्या बोटांकडे बघत होते.

बाईंच्या डोळ्यांत तोवर धुकं आलं होतं. त्यांना माणसांचे चेहरे कडेनं बघावे लागायचे. त्यांनी माझ्याकडे किल्ली दिली. मला वाटलं आता त्या शेजारी बसतील. त्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"बे ज सीट छे," त्या म्हणाल्या. "सुपडूभाई, बेसो."

आबा म्हणाले, "नही बाई, तुम्ही."

"मने देखातुं नथी. गाडी केवी चाले छे ए कोण कहेशे? बेसो."

आबांनी चपला काढल्या. उलट्या दारातून आधी एक पाय, मग दुसरा. सीटवर ते टेकून बसलेच नाहीत, पुढं सरकून बसले, एक तळवा दारावर आणि एक डॅशबोर्डवर. मी अठवालाइन्समधून डुमसच्या रस्त्याला लागले. रस्त्यावर रंगलेले लोक होते, ते हात हलवत होते. समोरची काच मी आडवी पाडली होती. वाऱ्यानं आबांची टोपी उडाली, मी ब्रेक लावायला गेले तर त्यांनी नको अशी खूण केली. डुमसच्या अलीकडे सरूची झाडं लागली. तिथं त्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली.

मग ते बोलले. समोर बघतच.

"माले आयकू येत नही. लई वरीस व्हयनात."

मी मान हलवली. ते बघत नव्हते.

"तुना आवाज मना कानमा शे," ते म्हणाले, "पन तो तू पाच-सव वरीसनी व्हती तवयना शे. आते तू कशी बोलस, माले माहीत नही."

मी गाडी कडेला घेतली नाही. घ्यायला हवी होती कदाचित. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि बोटांनी बोलता येत नव्हतं, म्हणून मी तोंडानंच बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. समुद्रापर्यंत आणि तिथून परत नानपुऱ्यापर्यंत मी बोलत होते आणि आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, समोरचा वेगाचा काटा सोडून. फाटकात बाई उभ्या होत्या. "केवी चाली?" त्यांनी विचारलं. आबांना कळलं नाही तरी ते म्हणाले, "बराबर."

बाई दोन वर्षांनी हिवाळ्यात गेल्या. त्याआधी त्यांनी आबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मशीन मिळालं, पण त्यातून त्यांना भांड्यांचा आणि हॉर्नचाच आवाज जास्त यायचा, म्हणून ते बहुतेक वेळा खिशात असतं. बंगल्याच्या जागी आता सात मजले आहेत. बदामाचं झाड कधी तोडलं ते मी पाहिलं नाही. बाईंच्या पुतण्यानं गाडी इच्छापोरच्या या मालकांना दिली, आणि बरोबर एक कागद दिला, बाईंच्या हातचा, त्यावर फक्त माझं नाव आणि आमच्या गल्लीचा पत्ता होता. मी आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. लग्न झालं, दोन मुलं आहेत. वर्षातून एक-दोनदा फोन येतो, गाडी थरथरते आहे, याल का? मी जाते. आबा दर वेळी म्हणतात मी येऊन काय करू, आणि दर वेळी माझ्याआधी चपला घालून दारात उभे असतात.

गेल्या महिन्यातही तसंच. तासभर मी नळी कानाला लावून बसले, पेच फिरवले, आणि इंजिन हळूहळू एका श्वासावर आलं. मालकानं अहमदाबादहून दोन मेकॅनिक आणवून पाहिले होते, त्यांना ते जमलं नव्हतं. ते खूश झाले. आबांचं वय, त्यांचे हात, त्यांचं ते निवांत बसणं बघून त्यांना वाटलं असावं की अक्कल खुर्चीतली आहे आणि मी नुसती सांगितलेलं करते. ते आबांसमोर जाऊन उभे राहिले, मोठ्यानं म्हणाले, "काका, आ बधुं तमे ज शीखवाड्युं ने? असली मिस्तरी तो तमे."

आबांनी त्यांचे ओठ नीट वाचले. मग माझ्याकडे हात केला. त्यांनी ते अहिराणीत नाही, गुजरातीत सांगितलं, समोरच्याला पक्कं कळावं म्हणून.

"मिस्तरी ए छे. हुं एनो बाप."